एकच बिट उलटला: वैश्विक किरण की रॅमच खराब?

टेपडेक

फाइल सर्व्हरला ६४ जीबी डीडीआर४ रॅम आहे, ईसीसी (चूक ओळखून दुरुस्त करणारी सोय) नाही. बॅकअप ताडून पाहताना ४० जीबीच्या एका फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) जुळला नाही. बाइट-बाइट तुलना केली तर फरक एकाच बाइटचा निघाला: ७४ च्या जागी १०६. बाकी सगळं तंतोतंत. डिस्कच्या प्रकृतीचा स्मार्ट अहवाल स्वच्छ आहे, रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले भाग) शून्य.

हे वैश्विक किरणांमुळे होऊ शकतं का? तसं असेल तर ते सिद्ध कसं करायचं? आणि कॅबिनेटला आतून शिशाचा पत्रा लावण्याचा सल्ला वाचला, त्याचा काही उपयोग होतो का?

बहात्तर_बिट

१०६ वजा ७४ म्हणजे ३२, २ चा पाचवा घात. म्हणजे शून्यापासून मोजलं तर ५ क्रमांकाचा एकच बिट ० चा १ झालाय.

डिस्कवरचा संशय आधी बाजूला ठेवा. डिस्क प्रत्येक सेक्टरसोबत स्वतःचा दुरुस्ती-कोड ठेवते. सेक्टर बिघडला तर ती सहसा वाचनच नाकारते, एक बिट बदलून बाकी सेक्टर गुपचूप हातात देत नाही. साटा केबल आणि इथरनेट दोन्हींवर ३२ बिटांचा सीआरसी (वाटेतल्या चुका पकडणारा कोड) असतो. एकटा बिट कुणाला न कळता बदलायची सगळ्यात सोयीची जागा म्हणजे रॅम, कारण ईसीसी नसेल तर तिथे पहाराच नाही.

आता हे करा. ऑपरेटिंग सिस्टिमचा पेज कॅशे (फाइलींच्या रॅममधल्या प्रती) रिकामा करा (सोपा मार्ग, मशीन पूर्ण बंद करून चालू करा) आणि हॅश पुन्हा काढा. जुळला तर डिस्कवरची प्रत शाबूत होती, बिट कॅशेतल्या प्रतीत उलटला होता. नाही जुळला तर फाइल लिहिण्याआधीच डेटा बिघडला होता. झेडएफएससारखी चेकसम ठेवणारी फाइल सिस्टिमही दुसऱ्या प्रकारात हतबल असते: बिघडलेल्या डेटाचा चेकसम ती इमानेइतबारे काढून ठेवते.

मग मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम. एक पास पुरत नाही, किमान चार पास, रात्रभर. एक्सएमपी प्रोफाइल (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) चालू असेल तर आधी तसंच चालवा, चूक निघाली तर प्रोफाइल बंद करून पुन्हा. गरम रॅमवर केलेली चाचणी जास्त बोलकी असते. सेलमधला (एक बिट साठवणाऱ्या कप्प्यातला) भार गळत असतो आणि तापमान वाढलं की गळती वाढते, म्हणूनच ८५ अंशांच्या वर रिफ्रेशचा (भार पुन्हा भरण्याचा) वेग दुप्पट करावा लागतो.

आणखी एक. बिघडलेल्या बाइटचा फाइलमधला क्रमांक शून्यापासून मोजून त्याला ८ ने भागा आणि बाकी लिहून ठेवा. बाकी गुणिले ८, अधिक ५, हा ६४ बिटांच्या शब्दातला तुमच्या बिटाचा क्रमांक. मेमटेस्टने दाखवलेला चुकीचा बिट याच्याशी जुळला तर शोध तिथेच संपला.

सिलिकॉनवाला

वैश्विक किरणांनी असं होऊ शकतं का, तर हो. पण ते नेमकं कसं होतं यावर बऱ्याच ठिकाणी भोंगळ लिहिलेलं असतं, म्हणून जरा सविस्तर.

अवकाशातून येणारे प्राथमिक किरण सुमारे ९० टक्के प्रोटॉन असतात. ते सहसा थेट आपल्यापर्यंत पोचत नाहीत. वातावरणात वर कुठेतरी नायट्रोजन-ऑक्सिजनच्या केंद्रकांवर आदळतात आणि दुय्यम कणांचा सडा पडतो. जमिनीवर चिपला त्यातला खरा त्रास न्यूट्रॉनचा. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, त्यामुळे बहुतेक वेळा तो चिपमधून आरपार जातो आणि काहीही घडत नाही. क्वचित तो सिलिकॉनच्या केंद्रकावर धडकतो आणि केंद्रकाच्या ठिकऱ्या उडतात. या ठिकऱ्यांना विद्युतभार असतो, आणि खोडी त्या करतात.

आकडे पाहा. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन आणि छिद्राची एक जोडी सुटायला ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. ठिकरीने १० लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट सांडले तर पावणेतीन लाखांच्या वर जोड्या, म्हणजे सुमारे ४४ फेम्टोकुलंब भार. डीरॅमच्या (आपल्या नेहमीच्या रॅमच्या) सेलमध्ये साठवलेला भार दहा-वीस फेम्टोकुलंबच्या घरातला. म्हणजे त्या भारातला काही हिस्सा जरी सेलच्या जंक्शनने ओढून घेतला तरी बिट गेला. सेलला इजा काहीच होत नाही. पुढच्या वेळी लिहिलं की ती पूर्ववत. म्हणून याला सॉफ्ट एरर म्हणतात.

मारा किती? चाचण्यांच्या मानकात संदर्भ म्हणून न्यूयॉर्कची समुद्रसपाटी धरतात: १ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे न्यूट्रॉन दर चौरस सेंटिमीटरला तासाला सुमारे १३. विमानाच्या उंचीवर हाच आकडा काहीशे पट होतो. भूमध्यरेखेजवळ पृथ्वीचं चुंबकत्व जास्त कण परतवतं, तिथे तो कमी असतो.

लोक एक गोष्ट विसरतात: सगळे सॉफ्ट एरर आकाशातून पडत नाहीत. १९७८ मध्ये इंटेलच्या मे आणि वूड्स यांनी दाखवलं की डीरॅममधल्या चुकांचं मूळ चिपच्या वेष्टनातल्या युरेनियम-थोरियमच्या अंशांमध्ये, त्यांच्या अल्फा कणांत होतं. नंतर चिपमधल्या काचेच्या थरातलं बोरॉन-१० सुद्धा गुन्हेगार ठरलं: मंद न्यूट्रॉन गिळून ते लिथियम आणि अल्फा कण सोडतं. तो थर आता बहुतेक वापरातून गेलाय.

शिवाय डीरॅमची सेल लहान होत गेली तसं प्रत्येक बिटामागचं किरणांचं लक्ष्यही आक्रसलं. आज जास्त काळजी एसरॅमची (वेगवान, चिपच्या आतल्या मेमरीची) असते: प्रोसेसरचे कॅशे, एफपीजीएची (ज्यातलं सर्किट नंतर ठरवता येतं अशा चिपची) कॉन्फिगरेशन मेमरी. एफपीजीएमध्ये तर बिट उलटला की डेटा नव्हे, सर्किटच बदलतं.

उणे_एक

शिसं अजिबात लावू नका. भारदस्त न्यूट्रॉन शिशाच्या केंद्रकावर आदळला की त्यातून आणखी न्यूट्रॉन बाहेर पडतात. न्यूट्रॉन मोजणाऱ्या केंद्रांमध्ये गणना वाढावी म्हणून मुद्दाम शिसं वापरतात! तुम्ही सर्व्हरभोवती तेच यंत्र बांधाल.

फरक पडतो तो काँक्रीटने, तोही जाड असेल तर. अगदीच आडोसा हवा तर जमिनीखाली जायचं. उच्च व्होल्टेजची पॉवर उपकरणं (मोठी वीज हाताळणारे सेमीकंडक्टर) अचानक जळायची तेव्हा १९९० च्या दशकात त्यांची चाचणी मिठाच्या खाणीत केली गेली, आणि खाणीत ती जळणं थांबलं. त्यांच्या बाबतीत मात्र हा सॉफ्ट एरर नसतो, उपकरण कायमचं जातं. उपाय म्हणून ती कमाल व्होल्टेजपेक्षा बऱ्याच खाली चालवतात.

बहात्तर_बिट

"सिद्ध कसं करायचं" हे राहिलं. एका घटनेवरून नाही करता येत. कण मागे काही ठेवत नाही. २००३ मध्ये ब्रुसेल्समधल्या स्कारबेकच्या मतमोजणीत एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त दिसली. २ चा बारावा घात, म्हणजे एक बिट. शक्य होती त्याहून जास्त मतं झाली म्हणून पकडलं गेलं. वैश्विक किरणांचं नाव सगळे घेतात, पण तो तर्क आहे, पुरावा नाही.

उलट बाजू सिद्ध करता येते. गूगलच्या सर्व्हरांवरच्या २००९ च्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त रॅम मॉड्यूलमध्ये किमान एक चूक निघाली, आणि एकदा चुकलेलं मॉड्यूल पुन्हा चुकण्याची शक्यता खूपच जास्त होती. न्यूट्रॉनला आवडती-नावडती रॅम नसते. चूक पुन्हा तिथेच झाली तर आकाशाकडे बघू नका.

टेपडेक

हॅश रीस्टार्टनंतरही चुकीचाच. भागाकाराची बाकी ३, म्हणजे बिट २९. मेमटेस्टच्या तिसऱ्या पासमध्ये एका पत्त्यावर दोन चुका, दोन्ही बिट २९. एक्सएमपी बंद करूनही तेच.

बहात्तर_बिट

मग रॅमच. एकेक मॉड्यूल लावून चाचणी घ्या आणि दोषी काढा. ते बसवल्यापासून या मशीनवरून लिहिलेल्या सगळ्या फाइली मूळ प्रतींशी ताडून पाहा, नव्या बॅकअपने जुना पुसू नका.

पुढची खरेदी ईसीसीची करा, पण बोर्ड आणि प्रोसेसर दोघांनाही ते चालतं का हे आधी बघा. डीडीआर४ मध्ये रॅमच्या माहितीत टोटल विड्थ ७२ आणि डेटा विड्थ ६४ दिसली पाहिजे. डीडीआर५ च्या जाहिरातीतल्या ऑन-डाय ईसीसीवर विसंबू नका: ते चिपच्या पोटातल्या पोटात दुरुस्ती करतं, बसवरची (रॅम आणि प्रोसेसरमधल्या वाटेवरची) चूक त्याला दिसत नाही, आणि काही दुरुस्त केलं हे ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतही नाही. लिनक्सवर रासडीमन (मेमरीच्या चुकांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) चालू ठेवा. महिन्यांतून एखादी दुरुस्त झालेली चूक सोडून द्या. त्याच मॉड्यूलवर आकडा चढत गेला तर बदला.