एमडीएफवर मिक्स मीडिया: कागदाला सुरकुत्या, रंगाचे पोपडे, वाकलेला बोर्ड

टिळकवाडीकर
हॉलसाठी १८ × २४ इंचांचं चित्र करायचं आहे. पाया ६ मिमी एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड). त्यावर इरकल साडीच्या काठाचे तुकडे, मराठी आणि कन्नड वर्तमानपत्रांची कात्रणं, खानापूरची तांबडी माती, ॲक्रिलिक आणि ऑइल पेस्टल. लहान तुकड्यावर करून बघितलं तर कागदाला सुरकुत्या आल्या, पेस्टलवर लावलेला रंग नखाने निघतो आणि बोर्ड वाकला. कोणता क्रम ठेवावा?

जांभा
आधी बोर्ड. एमडीएफ एकाच बाजूने पाणी प्यायला की वाकणारच, त्यात आपल्याकडचा पावसाळा. पुढून, मागून आणि चारही कडांना पांढरा ॲक्रिलिक प्रायमर लावा. पहिला हात थोडं पाणी घालून पातळ, तो वाळला की २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा, मग दुसरा हात जाडसर. कडा सगळ्यात जास्त पाणी ओढतात, तिथे तिसरा हातही द्या.

पेस्टलचं उत्तर सोपं आहे: ते तेल-मेणाचं असतं, त्यावर पाण्यातला रंग धरत नाही. म्हणून ते सगळ्यात शेवटी. पण ते कधीच पूर्ण सुकत नाही, बोट लागलं की पसरतं. त्यामुळे काचेची फ्रेम हवी, आणि काच चित्राला टेकू नये म्हणून आत पट्टी घालून किमान ५ मिमी जागा सोडायला सांगा.

वडगाव_माग
कागद ओला झाला की पसरतो. कोरडं कात्रण ओल्या गोंदावर ठेवलं तर ते चिकटल्यावर पसरतं, सुरकुती तिथेच पडते. कात्रणावर मागून आधी पाण्याचा हात फिरवा, मिनिटभर थांबा, मग बोर्डाला मॅट जेल मीडियम (ॲक्रिलिकचं घट्ट, बिनचमकीचं, वाळल्यावर पारदर्शक होणारं माध्यम) लावून बसवा आणि जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे हवा काढा. फेव्हिकॉलही चालतं, पण दमट भिंतीवर ते पुन्हा मऊ पडतं. माझं मत जेलकडेच.

मूळ कात्रण मात्र वापरू नका. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन (लाकडातलाच एक घटक) असतं, उजेडात तो पिवळा पडून ठिसूळ होतो. चांगल्या कागदावर झेरॉक्स काढा. झेरॉक्सचा टोनर (कोरडी शाई) पाण्याने पसरत नाही, इंकजेटची शाई पसरते.

साडीच्या काठावर ओला पांढरा कपडा दाबून बघा. लाल रंग उतरला तर आधी दोन-तीनदा धुवा, नाहीतर तो वरच्या पांढऱ्या रंगात गुलाबी होऊन वर येतो. कापड चिकटवण्याआधी कडांना जेल लावून वाळू द्या, मगच कापा, धागे सुटत नाहीत.

जांभा
मातीचं राहिलं. ती पाण्यात ढवळा, वर तरंगणारा पालापाचोळा फेका, वाळवून चहाच्या गाळणीतून चाळा आणि तव्यावर १० मिनिटं भाजा. ओली माती कोंडली तर बुरशी धरते. १ चमचा मातीला २ चमचे जेल. एका वेळी २ मिमीपेक्षा जाड थर नको, वरची साय आधी सुकते आणि आतला भाग आकसताना तडा जातो. तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाचाच, उजेडात उडत नाही. हळद-कुंकू घालायचा मोह टाळा, हळदीचा रंग उन्हात उडतो.

टिळकवाडीकर
अथणीकडची काळी माती चालेल? आणि वॉर्निश कधी?

जांभा
काळी माती पाण्याने फुगते, सुकताना फाटते. तडे हवे असतील तर उत्तम, जाड लावा, वाळल्यावर पातळ केलेलं जेल तड्यांत मुरू द्या म्हणजे तुकडे गळत नाहीत. तडे नको असतील तर निम्मी बारीक वाळू मिसळा.

वॉर्निश पेस्टलच्या आधी, मातीचा थर आतपर्यंत सुकल्यावर: उन्हाळ्यात दोन आठवडे, पावसाळ्यात महिना. पाऊस कोसळत असताना लावू नका, ओलावा आत अडकून दुधी झाक येते.