मासळीच्या फिलेची गुणवत्ता मोजण्याच्या संशोधनासाठी अनुदान: मार्गदर्शन हवे

तळोजावासी:
नमस्कार. तळोजा औद्योगिक वसाहतीतील एका मासळी प्रक्रिया कारखान्यात मी गुणवत्ता विभागात काम करते. सुरमईची फिले (काटा काढलेला मांसाचा सपाट काप) आम्ही अजूनही बोटाने दाबून, वास घेऊन आणि कडेचा रंग पाहून पारखतो; प्रयोगशाळेतून टीव्हीबी-एनचा (मासळी बिघडताना तयार होणाऱ्या बाष्पशील नत्रयुक्त संयुगांचा) आकडा येईपर्यंत माल रवाना झालेला असतो. गोठवून वितळवलेली फिले ताजी म्हणून खपवली जाऊ नये, यासाठी ती प्रकाशाच्या साहाय्याने जागच्या जागी ओळखणारे छोटे उपकरण मला व माझ्या अभियंता भावाला बनवायचे आहे. आमची कंपनी नाही, पीएच.डी. नाही. अनुदान कोठे मागावे?

ऐरोलीकर:
ताई, आधी मोजमाप पक्के करावे, असे मी आग्रहाने सांगेन. टीव्हीबी-एन मासळी बिघडू लागल्यावरच ठळकपणे वाढतो, तर के-मूल्य (ताजेपणा किती घटला याचे माप) स्नायूंतील एटीपी हे ऊर्जा पुरवणारे रसायन मोडू लागल्यापासून चढत जाते. परंतु फिले गोठवली होती का, हे या दोन्हींवरून कळत नाही. गोठताना बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, त्यामुळे वितळल्यावर पाणी सुटते आणि स्नायूचे विद्युत गुणधर्म बदलतात. (विद्युत गुणधर्मांवरून ताजेपणा मोजणारा टॉरीमीटर गोठवलेल्या मासळीवर निरुपयोगी ठरतो तो याचमुळे.) म्हणून एकाच सुरमईची डावी फिले बर्फात ठेवावी, उजवी गोठवून वितळवावी, आणि कोणती फिले कोणत्या प्रकारची, हे उपकरणाने मोजमाप (वाचन) घेणाऱ्याला सांगू नये. अशा तीस-चाळीस जोड्यांची वाचने जोडलेला अर्ज परीक्षक गांभीर्याने वाचतील.

वाशीकर:
वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेचे मुंबई संशोधन केंद्र आपल्या वाशीतच आहे; जोड्यांची वाचने घेऊन तेथील शास्त्रज्ञांना भेटावे आणि प्रयोगशाळेतील तपासणीबाबत विचारावे. नमुना उपकरणासाठी केंद्र सरकारच्या निधी-प्रयास योजनेतून १० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते व त्यासाठी व्यक्तीलाही अर्ज करता येतो. बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचे ‘बिग’ नावाचे अनुदान ५० लाखांपर्यंतचे, १८ महिन्यांचे आहे. ते उपकरण थोडेफार चालू लागल्यावर मागावे. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाच्या प्रकल्पांकडे वळायचे झाल्यास मात्र मुख्य संशोधक म्हणून संस्थेतील शास्त्रज्ञच हवा. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीच्या अटी नीट वाचाव्यात. कारखान्यातील माल वापरणार असाल, तर मालकांची लेखी परवानगी आताच घ्या. उपकरणावर हक्क कोणाचा, हा वाद पुढे फार जड जातो.

तळोजावासी:
परवानगीची गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. उद्या पत्र देते आणि होकार मिळताच पहिल्या पाच जोड्या लावते.