जुने गेम्स आणि त्यांचे रीमेक : काय सापडलं, काय हरवलं?

धागाकर्ती

'रेसिडेंट ईव्हिल २' मुळात १९९८चा. त्यात दार उघडताना पडदा काळा व्हायचा आणि त्या अंधारात फक्त ते एक दार करकरत, सावकाश उघडायचं. डिस्कवरून पुढची खोली मेमरीत यायला वेळ लागायचा, तो वेळ झाकायची ती सोय. खेळताना हे कुणाच्या डोक्यात असणार? मला झाँबींपेक्षा त्या दारांची धास्ती जास्त. २०१९चा रीमेक आला, त्यात दारं नुसती ढकलायची आणि चालत राहायचं. सुरुवातीला फार चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग तो टोपीवाला धिप्पाड टायरंट नावाचा राक्षस मागे लागला. वरच्या मजल्यावर त्याच्या बुटांचे आवाज, धप्प, धप्प. मी धावत जाऊन दार लावून घ्यावं, तर तो तेच दार उघडून आत हजर! सेव्ह करायच्या खोल्या सोडल्या तर कुठे थांबायची सोय नाही. दाराची भीती त्यांनी तशीच ठेवली होती, फक्त उलटी फिरवली होती. आधी पुढच्या दाराची वाटायची, आता मागच्या दाराची वाटते. हा रीमेक मला मनापासून आवडला तो एवढ्यासाठी.

जुन्या यंत्रांची मेमरी तुटपुंजी, ताकद कमी. त्या अडचणीतून गेम करणाऱ्यांनी ज्या वाटा काढल्या, त्यांतल्याच कितीतरी आपल्या मनात घर करून बसल्या आहेत. रीमेकमध्ये अडचण राहिली नाही, मग त्या वाटेचं काय झालं? तुमच्या आवडत्या गेमबद्दल लिहा. ग्राफिक्स सुधारले हे सगळ्यांना दिसतंच, त्यापलीकडचं सांगा. एखादा प्रसंग धरून लिहिलंत तर फार बरं.

बारावी_लेव्हल

या प्रश्नाला 'प्रिन्स ऑफ पर्शिया'शिवाय उत्तरच नाही. जॉर्डन मेकनर यांनी १९८९ साली तो अ‍ॅपल टू या संगणकासाठी केला. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून व्हिडिओ काढला आणि त्यावरून राजपुत्राची एकेक चौकट उतरवली. म्हणून तर तो कठड्याला लोंबकळतो तेव्हा आपलेच हात भरून येतात. या हालचालींनी मेमरी इतकी खाल्ली की दुसऱ्या पात्राला जागाच उरली नाही. मग त्यांनी राजपुत्राचीच चित्रं थोडी सरकवून स्वतःवरच उलटी उमटवली, आणि त्यातून लखलखणारी सावली तयार झाली.

खेळलेल्यांना चौथ्या लेव्हलचा आरसा आठवत असेल. बाहेर पडायच्या वाटेवर अचानक उभा राहतो, दुसरा रस्ता नाही. धावत येऊन त्यातून उडी मारायची. आपण पलीकडे पडतो ते जेमतेम जीव शिल्लक घेऊन, आणि आरशातून निघालेली सावली उलट्या दिशेने निघून जाते. पुढे ती आपल्या वाटणीचं औषध पिऊन टाकते, ऐन उडीच्या वेळी दरवाजा पाडते. बाराव्या लेव्हलला शेवटी समोरासमोर येते. तलवार चालवली की तिच्याबरोबर आपलाही जीव कमी होतो. मी कितीतरी वेळा तिथेच मेलो असेन, वर ते साठ मिनिटांचं घड्याळ चालूच. मोठी बहीण मागे बसून बघत होती. ती म्हणाली, "अरे, तलवार म्यान कर ना." केली. सावली सरळ चालत आली आणि माझ्यात मिसळून गेली. पुढे जिथे नुसती दरी होती तिथे पाय टाकला तर पायाखाली फरशी उमटत गेली.

२००३चा 'सँड्स ऑफ टाइम' मी डोक्यावर घेतला. वेळ मागे फिरवता येणं ही कल्पना त्या जुन्या घड्याळाला शोभेल अशीच होती. २०२४चा 'द लॉस्ट क्राउन' पुन्हा बाजूने दिसणाऱ्या जगात गेला, तोही चोख आहे. पण मेमरी संपली म्हणून जन्माला आलेलं पात्र आणि त्याच्याशी न लढता जिंकणं, या तोडीचं मला त्यानंतर कुठे भेटलं नाही.

धुक्यातला

'सायलेंट हिल' १९९९चा. प्लेस्टेशनला लांबचं गाव काढायला झेपत नव्हतं, म्हणून चार पावलांपलीकडे धुकं. खिशातला रेडिओ खरखरायला लागला की कळायचं, जवळ काहीतरी आहे. दिसायचं मात्र काहीच नाही.

'सायलेंट हिल २' (२००१)चा रीमेक २०२४मध्ये आला. आजचं यंत्र अख्खं गाव स्वच्छ दाखवू शकतं, तरी करणाऱ्यांनी धुकं ठेवलं, आणि नुसतं ठेवलं नाही, त्याला वजन दिलं. ते गल्लीतून सरकतं, पातळ होतं, पुन्हा दाटतं. कॅमेरा खांद्यामागे आल्यामुळे जुन्या ठरावीक कोनांची गंमत गेली, त्याची हळहळ आहेच. पण धुक्याबद्दल त्यांना शंभर गुण.

याच्या उलटं उदाहरण 'ग्रँड थेफ्ट ऑटो' मालिकेतला 'सॅन अँड्रियास'. मूळ २००४च्या गेममध्ये वातावरण धुरकट होतं. डोंगरावर उभं राहिलं की शहर त्या धुरात विरून जायचं, वाटायचं केवढा मुलूख पसरलाय! २०२१च्या नव्या आवृत्तीत हवा इतकी स्वच्छ झाली की तिन्ही शहरं एकमेकांना खेटून उभी दिसली. नकाशा तेवढाच, पण प्रवास संपला. २०२४च्या अपडेटमध्ये जुन्यासारखा प्रकाश परत दिला, तेव्हा मी त्याच डोंगरावर जाऊन बराच वेळ उभा होतो.

काचेचा_पडदा

अडचण म्हणून जुन्या टीव्हीचं नाव घ्यायलाच हवं. 'डक हंट' (१९८४)ची बंदूक आठवते? चाप ओढला की पडदा एका क्षणापुरता पूर्ण काळा व्हायचा आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. बंदुकीच्या नळीतल्या सेन्सरने आधी अंधार, मग उजेड पाहिला की नेम लागला. म्हणजे बंदुकीतून काही सुटत नव्हतंच, तीच टीव्हीकडे बघत होती. सपाट पडद्याचे टीव्ही चित्रावर प्रक्रिया करून ते जरा उशिरा दाखवतात, त्यामुळे ती बंदूक तिथे आंधळी होते. आमच्याकडचा काचेचा टीव्ही गेला त्या दिवशी ती बंदूकही खेळणं होऊन बसली.

'सॉनिक' (१९९१)चा धबधबा नव्या पडद्यावर पाहा, नुसत्या उभ्या पट्ट्या दिसतील. जुन्या टीव्हीवर, जुन्या केबलमधून, त्या पट्ट्या एकमेकींत मिसळायच्या आणि पाणी पारदर्शक वाटायचं. म्हणून जुना गेम नव्या पडद्यावर पाहून "आपल्याला हे आवडायचं?" असं कुणी म्हणालं की मी आधी सीआरटी फिल्टर, म्हणजे जुन्या काचेच्या टीव्हीची नक्कल करणारी सोय, चालू करायला सांगते.

गिरणीवाला

'एज ऑफ एम्पायर्स २' (१९९९) आम्ही भावंडांनी घासून घासून खेळला. त्यात शेत संपायचं. ऐन लढाईत शेतकरी रिकामा उभा आणि आपलं लक्ष घोडेस्वारांकडे. लाकूड मोजून एकेक शेत पुन्हा पेरायचं. २०००च्या 'काँकरर्स'मध्ये गिरणीत आगाऊ पेरण्या लावून ठेवायची सोय आली, आणि २०१९च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये शेतं आपोआप पेरली जातात.

मी ही सोय बंद ठेवून खेळून पाहिलं. दोनतीन सामन्यांत कंटाळा आला, मुकाट चालू केली. ही अडचण गेली ते उत्तम झालं. धागाकर्तीचं म्हणणं सगळीकडे लागू होत नाही ते असं. भाऊ मात्र अजून हातानेच पेरतो. त्याच्या मते गावाकडे लक्ष ठेवणं हाच अर्धा गेम आहे.

या गेमबद्दल मला अभिमान वाटतो तो वेगळ्याच कारणाने. मूळ स्टुडिओ २००९मध्ये बंद झाला. तरी खेळणाऱ्यांतल्याच काही जणांनी हौसेने नवी राज्यं जोडणारा मॉड (खेळणाऱ्यांनी गेममध्ये घातलेली भर) केला, तोच २०१३मध्ये 'द फरगॉटन' या नावाने अधिकृत विस्तार झाला, आणि तीच मंडळी पुढे डेफिनिटिव्ह एडिशनवर कामाला लागली. २०२२च्या विस्तारात 'इंडियन्स' ही एक मोट सोडवून बंगाली, द्रविड, गुर्जर आणि हिंदुस्तानी अशी वेगळी राज्यं दिली. ज्यांनी हा गेम जपला त्यांच्याच हाती तो आला.

एफ_दहा

'मंकी आयलंड' (१९९०)ची २००९ची आवृत्ती. एफ १० दाबलं की नवं चित्र विरघळून जुनं समोर, पुन्हा दाबलं की नवं. मी अख्खा गेम असाच अदलाबदल करत खेळले. गंमत म्हणजे जुनं चित्र समोर आलं तरी ते मला जुनं वाटेना. बंदराचा रात्रीचा देखावा माझ्या मनात कितीतरी बारकाव्यांनी भरलेला होता, आणि इथे मोजके रंग, मोजके ठिपके! खिडक्यांतला उजेड, लाकडाचा ओलावा, हे सगळं मी घातलेलं होतं. नवा चित्रकार माझ्या आठवणीच्या जास्त जवळ गेला होता, पण त्याचा उजेड माझ्यासारखा नव्हता. शेवटी आवाजांसाठी नवी बाजू आणि बघायला जुनी, असं ठरवलं. या आवृत्तीत जुन्या बाजूला संवादांचे आवाज येत नाहीत, त्यामुळे बोट सतत त्या बटणावरच.

कमी_ऐकणारा

मी वरच्या सगळ्यांपेक्षा वेगळा अनुभव सांगतो. मला ऐकायला फार कमी येतं. 'द लास्ट ऑफ अस' (२०१३) मी उपशीर्षकं वाचत पूर्ण केला होता. वाक्य कळायचं, ते कसं म्हटलं ते नाही. २०२२च्या रीमेकमध्ये एक पर्याय आहे, संवाद कंट्रोलरच्या कंपनांतून हातात येतो. जोर कुठे दिला, आवाज कुठे तुटला, हे तळव्यांना कळतं. ज्या प्रसंगात गेमचा नायक जोएल खोटं बोलतो तिथे शब्द मला पाठ होते. हातातलं कंपन मात्र फार सपाट आलं, आणि मी तो प्रसंग लगेच पुन्हा लावला.

हा रीमेक इतक्या लवकर कशाला, असं बऱ्याच जणांनी म्हटलं. माझ्यासाठी तो पहिल्यांदाच पूर्ण आला.

धागाकर्ती

@कमी_ऐकणारा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मी आज तो पर्याय चालू करून, आवाज बंद ठेवून खेळणार आहे.

सोनेरी_काडतूस

'पोकेमॉन गोल्ड' (१९९९)च्या काडतुसात, म्हणजे गेमच्या कार्ट्रिजमध्ये, एक छोटी बॅटरी असते. तिच्यावर सेव्ह तगून असतं आणि गेममधलं घड्याळही चालतं, म्हणून ती 'रेड'पेक्षा लवकर संपते. माझी संपली तेव्हा 'कंटिन्यू' हा पर्यायच पडद्यावर नव्हता. २००९च्या 'हार्टगोल्ड' या त्याच्या रीमेकमध्ये निवडलेला पोकेमॉन आपल्या मागे चालतो. वळून त्याच्याशी बोललं की तो काहीतरी उत्तर देतो. मी पहिल्या गावातून बाहेर पडायलाच किती वेळ लावला! नवा टोटोडाइल (एक पोकेमॉन) घेतला, नाव सेव्हबरोबर गेलेल्या जुन्याचंच ठेवलं.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३च्या अभ्यासानुसार अमेरिकेत आलेल्या जुन्या गेम्सपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकतच मिळत नाहीत. सगळ्यांच्या नशिबी रीमेक नसतो. ज्यांच्याकडे बॅटरीवाली काडतुसं आहेत आणि सेव्ह अजून उघडतंय, त्यांनी आधी कार्ट्रिज रीडरने सेव्हची फाइल संगणकावर उतरवून घ्या. बॅटरी त्यानंतरच बदला, कारण जुनी काढली की सेव्ह जातं. नवी बसवल्यावर तीच फाइल परत काडतुसात भरता येते. बॅटरी डाग देऊन जोडलेली असते, हात बसलेला नसेल तर जाणकाराकडूनच करून घ्या.