अवघड स्पीकरसाठी बेताच्या किमतीचा अ‍ॅम्प्लिफायर : आकडा 8 ओहमचा पाहावा की 4 ओहमचा?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

अ‍ॅम्प्लिफायर घेताना आपण माहितीपत्रकावरचा 8 ओहमचा वॅटचा आकडा पाहतो आणि तिथेच थांबतो. (ओहम हे स्पीकरच्या विद्युत अडथळ्याचे, म्हणजे इम्पिडन्सचे माप; तो जितका कमी, तितका करंट जास्त.) स्पीकर अवघड, म्हणजे जास्त करंट मागणारा असेल तर मर्यादित पैशांतला मोठा वाटा 4 ओहमवर टिकणाऱ्या ताकदीवर खर्च व्हावा. ब्लूटूथ, रिमोट, डिजिटल इनपुट या सोयी नंतर पाहाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

माझ्याकडे केईएफ कंपनीचे एलएस50 मेटा हे लहान स्पीकर आहेत. त्यांची संवेदनशीलता (एका वॅटला एक मीटरवर मिळणारा आवाज) 85 डेसिबेल आहे आणि नाममात्र इम्पिडन्स 8 ओहम असला तरी किमान इम्पिडन्स 3.5 ओहमपर्यंत उतरतो. लहान टू-वे (खालच्या आणि वरच्या स्वरांना वेगळे ड्रायव्हर असलेल्या) स्पीकरांत ही उतरंड बहुधा 150 ते 250 हर्ट्झच्या पट्ट्यात येते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे 139 हर्ट्झवर असतो आणि पंचम 208 वर, म्हणजे स्पीकर सर्वांत जास्त करंट मागतो तो नेमका गाण्याच्या गाभ्यात. तिथे अ‍ॅम्प्लिफायर कमी पडला तर गायकाचा आवाज पातळ आणि कडक होतो, आणि दोष मात्र आपण ध्वनिमुद्रणाला देतो.

1978 साली आलेल्या एनएडी 3020 या अ‍ॅम्प्लिफायरची नोंदलेली ताकद फक्त 20 वॅट होती, तरी कमी इम्पिडन्सचे स्पीकर पेलण्यासाठी त्याचे नाव झाले, कारण गरजेच्या क्षणी तो करंट देऊ शकत होता. हा गुण 8 ओहमच्या आकड्यात दिसत नाही. माझे अंदाजपत्रक 45 हजारांपर्यंत आहे. मतभेद असतील तर सविस्तर मांडावेत.

शांतश्रोता

तत्त्व मान्य केले तरी त्याची गरज आपण फार फुगवून सांगत आहात, असे मला वाटते. आपण तीन मीटरवर बसता असे धरू. मोकळ्या जागेत या अंतरावर साडेनऊ डेसिबेल कमी होतात. दुसरा स्पीकर आणि खोलीच्या भिंती मिळून त्यातले सहाएक परत देतात. म्हणजे 8 ओहमच्या हिशेबाने एका वॅटला आपल्या कानाशी सुमारे साडेएक्याऐंशी डेसिबेल पोहोचतात. सदनिकेत सरासरी 75 डेसिबेल हा चांगला भरदार आवाज आहे आणि त्याला पाव वॅटसुद्धा लागत नाही. तबल्याची थाप सरासरीपेक्षा 20 डेसिबेल वर गेली, तरी 22 वॅट पुरतात.

तेव्हा नामांकित कंपनीचा 40 ते 60 वॅटचा साधा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा आणि उरलेले पैसे गालिचा, जाड पडदे आणि चांगल्या स्टँडवर खर्च करावेत. मागच्या भिंतीला चिकटवलेला स्पीकर जो गढूळपणा करतो, तो कितीही अँपियर ओतले तरी जात नाही.

मंद्रसप्तक

आपले गणित बरोबर आहे, पण ते 75 डेसिबेलवर उभे आहे. सकाळी एकटा असताना मी 80 च्या आसपास ऐकतो. फक्त पाच डेसिबेल वाढवले की ताकद तिपटीहून अधिक लागते, म्हणजे आपल्याच पद्धतीने 22 चे 71 वॅट होतात. त्यासाठी सुमारे 24 व्होल्ट हवेत आणि 3.5 ओहमवर तेवढे व्होल्ट टिकवायचे तर जवळपास सात अँपियर. 40 वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर मुळात 18 व्होल्टलाच संपतो. शिवाय इम्पिडन्स कमी असतानाच व्होल्टेज आणि करंट यांच्यात फेजचा (वेळेचा) फरक पडला, तर आउटपुट ट्रान्झिस्टरवरचा ताण साध्या 4 ओहमच्या रोधापेक्षाही जास्त असतो.

पडदे आणि गालिचा यांबद्दल मात्र वाद नाही.

तांब्याचीतार

दोघेही जुन्या चौकटीत विचार करत आहात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए3255 या चिपवर आधारलेले क्लास डी (आउटपुट ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करणारे) अ‍ॅम्प्लिफायर आपल्या अंदाजपत्रकाच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळतात आणि 4 ओहमचा भार त्यांना जड जात नाही. क्लास एबी या जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये विजेचा मोठा वाटा हीटसिंकवर उष्णता होऊन जातो. क्लास डीमध्ये तसे होत नाही, त्यामुळे मोठा ट्रान्सफॉर्मर आणि अ‍ॅल्युमिनियमचे वजन यांचे पैसे वाचतात. विदर्भातल्या मे महिन्यात बंद कपाटात ठेवलेला क्लास एबी काय तापतो, हे ज्याने हात लावून पाहिले आहे त्याला हा फायदा वेगळा सांगावा लागणार नाही.

जुनेतेसोने

या चिपच्या जाहिरातीतला 4 ओहमवरचा 315 वॅटचा आकडा 10 टक्के विकृतीला मोजलेला आहे, ही बाब विक्रेते ठळकपणे सांगत नाहीत. 10 टक्के विकृती म्हणजे लहरीचे माथे उघड कापले गेलेले असतात. आता सोबत येणाऱ्या अडॅप्टरची पाठ उलटून पाहा. तिथे 48 व्होल्ट, 5 अँपियर लिहिलेले असेल, तर तो सलग 240 वॅटच देऊ शकतो. दोन्ही चॅनेल मिळून त्यापेक्षा जास्त सलग ताकद येणार कुठून? डबीवर मात्र 'प्रत्येकी 300 वॅट' छापलेले असते.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. आउटपुटच्या फिल्टरनंतर (चालू-बंदचा अंश गाळणाऱ्या भागानंतर) फीडबॅक (आउटपुट तपासून चूक सुधारणारा संकेत) घेतलेला नसेल, तर वरच्या टोकाचे स्वर स्पीकरच्या इम्पिडन्सनुसार उचलले किंवा दाबले जातात. म्हणजे तोच अ‍ॅम्प्लिफायर एका स्पीकरवर झगझगीत आणि दुसऱ्यावर मंद वाटतो. इम्पिडन्स ज्याचा खूप वरखाली होतो, अशा स्पीकरसाठी हे सोयीचे नाही.

माझा सल्ला असा, की चांगल्या घराण्याचा वापरलेला क्लास एबी घ्यावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात सुटे भाग मिळतात. घेण्यापूर्वी झाकण उघडून मोठ्या कपॅसिटरची डोकी फुगली आहेत का ते पाहावे, आवाजाची कळ फिरवताना खरखर येते का ते ऐकावे आणि दोन्ही चॅनेल अगदी हळू आवाजातही सारखे वाजतात का ते तपासावे. रिलेचे (स्पीकर जोडणाऱ्या विद्युत खटक्याचे) संपर्क काळे पडले असतील तर तिथेच कळते.

तांब्याचीतार

फीडबॅकचा आक्षेप जुन्या रचनांना लागू आहे. फिल्टरनंतर फीडबॅक घेणारे अ‍ॅम्प्लिफायर आता या चिपवरही मिळतात, आणि हायपेक्स कंपनीच्या एनकोअर या क्लास डी मॉड्यूलमध्ये तो मुळातच आहे. अडॅप्टरबद्दलचे म्हणणे खरे आहे. पण संगीत सलग नसते, आणि 240 वॅट मंद्रसप्तक यांच्या 71 च्या हिशेबाला पुरून उरतात. पंधरा-वीस वर्षे जुन्या यंत्राचे कपॅसिटर बदलायचा खर्च मात्र आपण कोठेच धरलेला नाही.

शांतश्रोता

अंदाजांवर वाद घालण्यापेक्षा प्रत्यक्ष मोजणे बरे. नेहमीचे सर्वांत मोठ्याने ऐकण्याचे गाणे लावून कळ त्या जागी ठेवावी. मग गाणे थांबवून, अ‍ॅम्प्लिफायर बंद करून स्पीकरच्या तारा काढाव्यात, तो पुन्हा सुरू करावा आणि ध्वनिमुद्रणाच्या कमाल डिजिटल पातळीपेक्षा 12 डेसिबेल खाली असलेला 120 हर्ट्झचा शुद्ध स्वर वाजवून आउटपुटवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजावेत. आलेल्या आकड्याला चारने गुणले, की ध्वनिमुद्रणाचे माथे न कापता वाजवायला लागणारे व्होल्ट मिळतात. क्लास डी असेल तर मीटरच्या दोन्ही पिना लाल आणि काळ्या टर्मिनललाच लावाव्यात, कारण तिथे काळे टर्मिनल बहुधा जमिनीशी जोडलेले नसते.

मंद्रसप्तक

हातातल्या उसन्या अ‍ॅम्प्लिफायरवर मोजले. मीटरवर 4.2 व्होल्ट आले, म्हणजे गरज 16.8 व्होल्टची. 8 ओहमवर हे 35 वॅट होतात, 4 ओहमवर 71. माझ्या अंदाजापेक्षा व्होल्ट कमी लागतात, हे शांतश्रोता यांचे म्हणणे मोजमापाने सिद्ध झाले; परंतु 3.5 ओहमवर हेच व्होल्ट टिकवायला 4.8 अँपियर लागतात आणि क्षणिक शिखराला पावणेसात. म्हणूनच 8 ओहमवर 60 आणि 4 ओहमवर किमान 100 वॅट, दोन्ही आकडे लेखी देणारे यंत्रच मी निवडणार. 4 ओहमचा आकडा जे छापतच नाहीत, किंवा मागच्या बाजूचा इम्पिडन्सचा खटका 'लो' वर ठेवायला सांगून आतले व्होल्टेजच उतरवतात, ते माझ्या यादीतून बाद.

जुना क्लास एबी की नवा क्लास डी, यात मी सध्या दुसऱ्याकडे झुकलो आहे, मात्र फिल्टरनंतर फीडबॅक असेल तरच.

जुनेतेसोने

मग अडॅप्टर निदान 48 व्होल्ट, 10 अँपियरचा घ्या, आणि पहिल्या आठवड्यातच पखवाजाचे एखादे ध्वनिमुद्रण नेहमीच्या आवाजात लावून पाहा. त्याच्या डाव्या बाजूचा घुमारा पातळ झाला तर यंत्र परत करायची मुदत हातात असेल.