मदत हवी आहे: रेलेच्या चुनखडीवर चढायला ५८ मीटरचा रोप (दोर) पुरेल का?

मंडळी, मी सोलापूरचा. गड्डा यात्रा उरकली की जानेवारीअखेर आम्ही तिघे थायलंडला क्राबीजवळच्या रेलेला क्लाइंबिंगला निघालोय. आजवर हात लागलाय तो सह्याद्रीच्या बेसाल्टला आणि गदग लाईनच्या गाडीने गाठलेल्या बदामीच्या वालुकाश्माला. चुनखडी पहिल्यांदाच. (आई विचारते, पानाला लावतात तोच दगड का? तोच म्हटलं.)

पाण्यात विरघळून झालेल्या गुहा आणि छतावरून लोंबणारे झुंबरासारखे खांब फोटोत पाहिलेत. त्या खांबांना मिठी मारून चढायचं कसं, हे मात्र कळत नाही. गुडघा अडकवून हात मोकळे करता येतात म्हणे. गुडघ्याला रबरी पॅड लागेलच का? शिवाय नेहमीच्या रूटवर दगड घासून गुळगुळीत झालेला असतो, तिथे बूट टिकतो का?

मुख्य अडचण रोपची. ६० मीटरचा होता, बदामीत टोकाचं आवरण फाटून आतला पांढरा गाभा दिसायला लागला, म्हणून दोन मीटर कापला. टोकाला गाठ मारतोच, पण लोअर करताना (वरून रोपवर खाली सोडताना) रोप अपुरा पडून अधांतरी लटकायचं नाही. नवा ७० चा घ्यावा की तिथे भाड्याने मिळतो?

रोप अडकवायला दगडात ठोकलेले स्टीलचे बोल्ट खाऱ्या हवेत आतून कुजतात, म्हणून तिथे टायटॅनियमचे बसवलेत. जुना आणि नवा बोल्ट खालून ओळखायचा कसा? जाऊन आलेल्यांनी सांगा. शेंगा चटणी माझ्याकडून.