‘ऑफसाइड’ मुलींच्या टीमला दाखवावा का?

पायरीवरचा_प्रेक्षक:
मंडळी, इराणी दिग्दर्शक जाफर पनाहीचा ‘ऑफसाइड’ (2006) हा सिनेमा पाहिला. तेहरानचं आझादी स्टेडियम, इराण-बहारीन वर्ल्डकप पात्रता सामना आणि बायकांना आत बंदी, म्हणून पोरांचे कपडे घालून घुसू पाहणाऱ्या पोरी. मी कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून तालमींच्या संघांच्या मॅचेस बघत वाढलोय, त्यामुळं बसमधला तो दंगा लगेच ओळखीचा वाटला. पण एक खटकलं. सैनिकांनी पकडलेल्या पोरींपैकी एकीलाही धड नाव नाही, आणि सगळ्या शहरी, तोंडाळ. इराणातल्या बायका म्हणजे एवढ्याच होय? आमच्या भागातल्या मुलींच्या टीमला दाखवायचाय, म्हणून विचारतोय.

मधल्या_फळीतली:
खुशाल दाखवा. नावं नसली तरी एकीचा तोंडवळा दुसरीत मिसळत नाही. एक स्वतः फुटबॉल खेळते, एक सिगारेट ओढते, एक तर चक्क लष्करी गणवेश घालून आलीय. आणि तुम्ही फक्त पोरींकडं बघताय, सैनिकांकडं बघा की! गावाकडची पोरं आहेत ती, सक्तीच्या नोकरीत अडकलेली. एकाचा जीव रजेत, आईत आणि गुरांत. त्याला मॅचचं काही पडलेलं नाही, आणि जिला पडलंय तिला तो अडवून उभा. इराणातला शहर-खेड्याचा भेद मला तिथं दिसला, पोरींच्या नावांत शोधत बसले नाही.

टॉयलेटचा प्रसंग तर अफलातून. बायकांसाठी सोयच नाही, म्हणून एका पोरीच्या तोंडावर खेळाडूचं पोस्टर बांधतात, डोळ्यांपुरती भोकं पाडून. भिंतीवर लिहिलेलं वाचू नकोस, अशी वर ताकीद! मी हसून लोळले, मग राग आला.

दुसरी जागा म्हणजे जपानी बायकांची. जपानच्या मॅचला त्या आत आल्या, मग आम्ही का नाही, असं एक पोरगी विचारते. उत्तर काय, तर त्यांना फारसी शिव्या कळत नाहीत!

कट्ट्यावरचा_रेफरी:
इंग्लंडातल्या फुटबॉल चाहत्यांच्या टोळ्यांच्या हाणामारीवरचे सिनेमे बघा, तिथं बाई म्हणजे बहुतेक वेळा घरी वाट बघत बसलेली बायको. इथं निदान ती चाहती आहे, भांडते, खेळावर वाद घालते. माझी तक्रार वेगळी: मॅच जवळपास दिसतच नाही राव.

मधल्या_फळीतली:
अहो, त्यांनाच दिसत नाही तर तुम्हाला कशी दाखवणार? एक सैनिक बघून बघून कॉमेंट्री करतो, तेवढीच त्यांची मॅच. बरंचसं चित्रण 8 जून 2005 ला खऱ्या सामन्याच्या दिवशीच झालंय. इराण 1-0 जिंकला म्हणून शेवट जल्लोषाचा आहे, हरला असता तर पनाहीला दुसरा शेवट शोधावा लागला असता. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात ‘रौप्य अस्वल’ पुरस्कार मिळाला, इराणात मात्र बंदी.

आणि टीमला पुढचंही सांगा. 2019 मध्ये सहर खोदायारीवर स्टेडियममध्ये शिरण्याच्या प्रयत्नावरून खटला भरला. तिनं कोर्टाबाहेर पेटवून घेतलं आणि त्यात ती गेली. त्याच ऑक्टोबरात कंबोडियाच्या मॅचला बायकांना काही हजार तिकिटं मिळाली. इराण 14-0 जिंकला. मुली लहान असतील तर सहरचं जरा जपून सांगा.

पायरीवरचा_प्रेक्षक:
चौदा ते सतरा वयाच्या आहेत, सांगतो. 2022 च्या आशिया कपात इराणच्या मुली नवी मुंबईत आपल्याशी 0-0 खेळल्या होत्या, ती मॅच आमच्या गोलकीपरला अजून आठवते. तिलाच आधी बोलायला लावतो. सबटायटल मराठीत कुणाकडं आहेत का?