नवऱ्याचा सीडीआर डिटेक्टिव्हकडून आणला, पुराव्यात लावावा का?

ज्युनिअर_फॅमिलीकोर्ट: घटस्फोटाच्या दाव्यात पक्षकार बाईंनी डिटेक्टिव्हकडून नवऱ्याच्या नंबरचा सहा महिन्यांचा सीडीआर (कॉल डेटा रेकॉर्ड, म्हणजे मोबाइल कंपनीकडची कॉलची नोंद) आणलाय. नुसती एक्सेल शीट, सही-शिक्का नाही. लावू का?

कलमबहाद्दर: नका लावू. ती शीट व्हॉट्सअ‍ॅपवर पुढेही ढकलू नका. दूरसंचार अधिनियम २०२३ चं कलम ४२ २६ जून २०२४ पासून लागू आहे. मोबाइल कंपनीकडचा डेटा अनधिकृतपणे मिळवणं हा गुन्हा, आणि स्पष्टीकरणात कॉल डेटा रेकॉर्डचं नावच घेतलंय. तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘मी फक्त पैसे दिले’ हा बचाव नाही, अपप्रेरणा (गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत) लागू शकते. ठाणे पोलिसांनी २०१८ मध्ये सीडीआर विक्रीचं रॅकेट उघडकीला आणलं तेव्हा खासगी डिटेक्टिव्हच अटकेत गेले होते.

जुना_दप्तरदार: वरच्याशी सहमत, पण एक दुरुस्ती. बेकायदा मिळवला म्हणून पुरावा आपोआप बाद होत नाही, शिवाय पुरावा स्वीकारण्याबाबत कुटुंब न्यायालय कायद्याचं कलम १४ सढळ आहे. अडतं ते इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डसाठी लागणाऱ्या, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रावर. रेकॉर्ड सादर करणाऱ्याचा भाग ‘अ’, तज्ज्ञाचा भाग ‘ब’, हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा). त्या एक्सेलखाली सही कोण करणार?

कोर्टाकडूनच मागवा. कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला (अशा मागण्या हाताळणाऱ्या अधिकाऱ्याला) समन्स काढण्याचा अर्ज द्या. त्यात नंबर, नेमक्या तारखा आणि त्या तारखांचा दाव्यातल्या कुठल्या आरोपाशी संबंध, हे लिहा. ‘लग्नापासूनचा सगळा सीडीआर’ मागितलात तर २०१७ च्या नऊ न्यायाधीशांच्या खासगीपणाच्या निकालावर बोट ठेवून समोरचा वकील अर्ज उडवेल. उशीरही नको: परवान्याच्या अटीनुसार कंपन्यांना रेकॉर्ड किमान दोन वर्षं ठेवावं लागतं, पुढची हमी नाही. म्हणून अर्जातच ‘निकाल होईपर्यंत जपून ठेवा’ ही मागणी घाला.

ज्युनिअर_फॅमिलीकोर्ट: आणि त्यातून सिद्ध काय होईल?

जुना_दप्तरदार: पक्षकाराला वाटतं त्याहून कमी. नंबर, वेळ, कालावधी, आयएमईआय (हँडसेटचा ओळख क्रमांक), टॉवर एवढंच; संभाषण नाही. व्हॉट्सअ‍ॅप कॉल त्यात येतच नाहीत. टॉवरवरून परिसर कळतो, लॉजची खोली नव्हे. गावाकडे तर एकाच टॉवरखाली दोन-तीन वाड्या येतात.

कलमबहाद्दर: पोलिसांतल्या ‘ओळखीने’ काढून घेण्याचा सल्लाही कुणी देईल. तोही त्याच कलमात बसतो.